शेवटच्या फेरीत एक कमी

४ नोव्हेंबर

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला टाकशील, मला माहीत आहे. टाक. पण कचऱ्यात जायच्या आधी एकदा वाच. पत्ता तुझ्या भावाने दिला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. फोन तू उचलत नाहीस आणि तिकीट खिडकी सोडून एवढ्या लांब येणं मला जमत नाही, मग उरतं काय?

दादाचं काय चाललंय ते तुला सांगायचं आहे. माझा भाऊ म्हणून नाही, तुझा नवरा म्हणून. सोडून गेलीस तरी अजून आहेच ना तो.

गाइडचं काम तो करतोच आहे. तीच पिवळी छत्री मिटून उंच धरलेली, आणि मागे उन्हाने लाल झालेली माणसं. सकाळी जुनी बाजारपेठ, जकातघर, दीपगृह. दुपारी त्यांना वाळूवर मोकळं सोडतो. ऊन उतरलं की बोटीने बेटावरचा किल्ला, ती शेवटची फेरी. माझ्या खिडकीशेजारच्या तोफेपाशी उभा राहून अजून सांगतो, की ही तोफ जन्मात एकदाच उडाली आणि तेव्हाही मागच्या बाजूला. माणसं अजून हसतात. पूर्वी त्यांच्याआधी तोच हसायचा, आता नुसता थांबतो, हसून होईपर्यंत.

आता मुद्द्याचं. परत निघताना तो माणसं मोजतो ते तुला माहीत आहे. छत्रीच्या टोकाने, ओठ न हलवता. हल्ली काय होतं, आकडा बरोबर येतो, बोटवाला दोर सोडायला वाकतो, आणि दादा म्हणतो, "थांबा. एक कमी आहे."

पहिल्यांदा सगळ्यांना खरंच वाटलं. माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. एका बाईने तर शेजारी बसलेल्या नवऱ्याला चाचपून पाहिलं, हा आहे ना म्हणून. पुन्हा मोजलं, बरोबर. दादा म्हणाला, नाही, एक कमी, आणि किल्ल्यात परत गेला. बोटवाल्याने त्याला शोधून, दंडाला धरून आणलं. तेव्हा वाटलं, एखाद्या दिवशी होतं असं माणसाचं. आता हे रोजचं झालंय. गिऱ्हाईकं बोटीत ताटकळतात, कुणाची पुढची गाडी चुकते, कुणी तक्रार करतं. टूर कंपनीच्या मॅनेजरने आधी समजावलं, मग खडसावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. मी विचारलं तर म्हणतो, मोजताना बरोबरच येतं गं, पण मला कळतं ना, कुणीतरी मागे राहिलंय.

कोण राहिलंय ते तुला सांगायला नको.

मला ते उगाळायचं नाही. पण जाताना उंबऱ्यात उभी राहून तू त्याला जे बोललीस ते मी ऐकलंय, आणि तो ते रोज ऐकतो. "गिऱ्हाईकं मोजलीस. पोटची पोर मोजली नाहीस." खोटं नव्हतं ते. चिंगी सुट्टीत रोज त्याच्याबरोबर जायची. घरच्या पोरीला कोण तिकीट फाडतंय? आणि दादाची मोजणी तिकिटांची. त्या दिवशी तिकिटाची माणसं भरली आणि बोट सुटली. त्याला वाटलं, पोरगी नेहमीसारखी पुढे बोटवाल्याजवळ बसली असेल. बोटवाल्याला वाटलं, बापाजवळ असेल. ती किल्ल्यातच राहिली. ओहोटीला जी दगडी वाट उघडी पडते ती तिला पाठ होती, म्हणून भरतीतही तिच्यावर उतरली. नऊ वर्षांची पोर. मच्छीमार इतके दिवस शोधत होते, समुद्राने काहीच परत दिलं नाही. यातलं काहीच खोटं नाही, वहिनी, म्हणून तर तुझं बोलणं त्याच्या आत रुतून बसलं.

एकदा ये. रहा म्हणत नाही. त्याच्यासमोर उभी रहा, हवं तर चार शिव्या दे, पण त्याला या मोजण्यातून सोडव. त्याने दुसऱ्या कुणाचं ऐकायचं ठेवलेलं नाही.

तुझी नणंद
(हे नातं अजून कुणी रद्द केलेलं नाही)


२१ नोव्हेंबर

वहिनी,

उत्तर नाही. ठीक आहे. पण मीही मूग गिळून बसणाऱ्यातली नाही, तुला ठाऊक आहे.

रविवारी ओहोटी होती, म्हणून शेवटच्या फेरीची माणसं दगडी वाटेने चालत परत आली. दादाने सगळ्यांना किनाऱ्यावर आणलं, वाळूत उभं करून मोजलं, त्यांचे आभार मानले. माणसं पांगली. मी खिडकीतून बघतेय, हा छत्री वाळूत रोवतो आणि वळून त्याच वाटेने परत निघतो. पाणी चढायला लागलं होतं. मी खिडकीची झडप खाली ओढली. बाहेर दुसऱ्या दिवसाची तिकिटं घ्यायला रांग, माणसं ओरडतायत, मी कशाला ऐकते. पण मी पोचेपर्यंत तो अर्ध्या वाटेवर होता आणि लाटा गुडघ्याला लागत होत्या. बोटवाला बोट घेऊन गेला म्हणून. कॉलरला धरून आत ओढला त्याला.

रडत नव्हता गं. रडला असता तर बरं वाटलं असतं. उलट बोटवाल्याला म्हणाला, तुमची बोट उगीच ओली केली. आता बोट ओली केली म्हणून कुणी माफी मागतं का? मला हसू आलं आणि मग घरी त्याची पँट पिळताना मोरीतच बसून रडले.

मॅनेजर दुसऱ्या दिवशी खिडकीशी आला. या महिन्याअखेरपर्यंत बघतो म्हणाला. वाईट माणूस नाही तो, त्याचंही पोट त्या गिऱ्हाइकांवर आहे. पण त्याला मी जे सांगितलं ते तुलाही सांगते. कामावरून काढलं तर दादा घरी नाही बसणार. तो त्या वाटेच्या तोंडाशीच बसणार, आणि तेव्हा त्याला परत आणायला ना गिऱ्हाईकं असतील ना बोट. म्हणून मी खिडकी लवकर बंद करायची परवानगी मागून घेतली. आता शेवटच्या फेरीला मीच बरोबर जाते. मला बोट लागते हे तुला माहीतच आहे. जाताना येताना तोंडाशी पिशवी धरून बसलेली असते. गिऱ्हाईकं किल्ला बघायचा सोडून माझ्याकडेच बघतात.

काल परतताना एक मुलगी वाऱ्याने उडणारे केस धरून हसत होती आणि मला तू आठवलीस. लग्नाच्या आधी तूही अशीच पर्यटक म्हणून आली होतीस. दादाने तुला दोनदा मोजलं होतं आणि आख्खी बोट हसली होती. त्या रात्री घरी येऊन जेवला नव्हता, मला नीट आठवतंय. माझा भाऊ जेवण सोडतो म्हणजे काहीतरी मोठंच झालंय, हे आईने तेव्हाच ओळखलं होतं.

त्याला काही झालं तर मी तुला कळवायला पत्र लिहायचं का? तेवढं तरी सांग.

तुझी नणंद


३० नोव्हेंबर

वहिनी,

मी आज एक काम केलंय. बरं केलं की वाईट, ते तू ठरव.

शेवटची फेरी होती आणि मॅनेजरच्या मुदतीचा शेवटचा दिवस. मॅनेजर स्वतः धक्क्यावर उभा होता, बघायला. किल्ला बघून झाला, माणसं बोटीत बसली, दादाने मोजलं. मी मनात म्हणत होते, आज तरी नको, आज तरी गप बस बाबा. तो म्हणाला, एक कमी. आणि किल्ल्याकडे न जाता सरळ त्या दगडी वाटेकडे गेला. वरून पाणी वाहत होतं, दगड दिसतही नव्हते. हा पाण्यात उतरला.

मी मागून उतरले. मला पोहता येत नाही, तरी उतरले. पाय सरकत होते. त्याचा शर्ट मागून पकडला आणि म्हटलं, दादा, ती इथे नाहीये. त्याने वळून विचारलं, मग कुठे आहे?

काय सांगायचं होतं मी? बोटीतली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, "चिंगी तिच्या आईकडे आहे, दादा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "बरी आहे?"

मी म्हटलं, मजेत आहे.

तो माझा हात धरून वर आला. मला बोटीत चढवलं, छत्री उचलली, पुन्हा एकदा सगळ्यांना मोजलं आणि बोटवाल्याला म्हणाला, पूर्ण आहेत, सोडा. धक्क्यावर मॅनेजरने घड्याळ बघितलं आणि निघून गेला. म्हणजे दादाचं काम टिकलं.

खोटं बोलायचं मला कधी जमलं नाही, तूच म्हणायचीस, हिच्या तोंडाला फाटक नाही. आज बोलले, आणि जिचं नाव घेऊन बोलले तिचं तर अंत्यदर्शनही आपल्याला झालं नाही.

तुझी
नणंद


१२ डिसेंबर

वहिनी,

त्या दिवसापासून दादाची मोजणी रोज पूर्ण येते. कुणी मागे राहत नाही, बोट वेळेवर सुटते, मॅनेजर मला लांबूनच नमस्कार करतो. सुंठीवाचून खोकला गेला असं त्याला वाटतंय. सुंठ माझ्या घशात अडकलीय ते त्याला कोण सांगणार.

कारण आता रोज संध्याकाळी, भांडी आवरून झाली की, दादा विचारतो. साधं, आल्यागेल्याची चौकशी करावी तसं. काय म्हणतेय चिंगी? आणि मी सांगते. पहिल्या दिवशी म्हटलं, शाळेत जाते. दुसऱ्या दिवशी म्हटलं, दात पडला. मग मलाच आठवलं की तिचे पुढचे दात तर इथेच पडले होते, म्हणून घाईघाईने म्हटलं, दाढ. एका खोट्याला लपवायला दहा खोटी लागतात म्हणतात, ते तंतोतंत खरं आहे. मी आता तिकिटं फाडता फाडता संध्याकाळचं काय सांगायचं ते मनात जुळवत असते. तिची एक मैत्रीणही तयार केलीय, शेजारच्या जिन्यातली, जरा भांडकुदळ. रचताना मला ती पोरगी दिसायला लागते, आणि मग आपलीही दिसते, जरा उंच झालेली.

हे वाचून तुझ्या काळजाला काय होत असेल ते मला कळतं. पण कुणाला सांगू? इथे कुणाला सांगायची सोय नाही.

आणि मग तिच्याबद्दल सांगून झालं की तो तुझ्याबद्दल विचारतो. तिथे मी जास्तच अडखळते. तिची आई झोपते का नीट? डोकं दुखायचं ते थांबलं का? कुठल्या मजल्यावर राहते, सामान कोण चढवतं? चष्मा बदलायचा राहिला होता, बदलला का? मला काय माहीत? मी म्हणते, बदलला. चांगला दिसतो तिला. एवढ्यावर तो मान हलवतो आणि झोपायला जातो.

हे किती दिवस चालवू, वहिनी? एक दिवस तो म्हणेल, तिला घेऊन येतो. मग मी काय करू? चांगलं करायला गेले आणि हात दाखवून अवलक्षण झालं. दोन ओळी लिही. मला शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझी नणंद


१९ डिसेंबर

तुझं कार्ड मिळालं.

"त्याला खरं सांग." बस? इतक्या पत्रांना एवढंच? खाली नावसुद्धा नाही.

खरं सांग म्हणे. तू इथे असतीस तर तू सांगितलं असतंस का? खरं सांगून तू निघून गेलीस. त्यानंतर त्या खऱ्याबरोबर त्याने दिवस काढले, आणि त्याच्याबरोबर मी. तू समुद्र दिसणार नाही अशा गावात घर घेतलंस. बरं केलंस, मी असते तर तेच केलं असतं. पण मग लांबून हुकूम तरी सोडू नकोस.

कालची रात्र तुझ्या नावाने बोटं मोडण्यात गेली. सकाळी कार्ड परत बघितलं. शब्द लिहून खोडले आहेस, आधी काहीतरी दुसरं लिहिलं होतंस. उजेडात धरून बघितलं, अक्षर लागलं नाही. पण खोडलंयस फार जोरात, पेनाने कार्ड फाटलंय तिथे.

माझा राग गेलाय असं नाही. पण तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी सांगते त्याला.


२६ डिसेंबर

वहिनी,

हे कुरियरने पाठवतेय, कारण हे पत्र त्याच्या आधी तुझ्यापर्यंत पोचायला हवं. काय झालं ते नीट क्रमाने सांगते. माझ्याकडून काही सुटलं तर समजून घे, मी अजून धड जागेवर नाही.

काल शेवटची फेरी संपली. वाळूवरचा छत्र्यांवाला छत्र्या मिटत होता, माणसं पायांची वाळू झाडून बसमध्ये चढत होती. मी दादाला म्हटलं, जरा बसूया. कठड्यावर बसलो. त्याने बूट काढून वाळू झटकली. मी आठवडाभर वाक्य तयार करत होते, की आधी हे म्हणायचं, मग ते. ऐनवेळी सगळं विसरले आणि एकदम बोलले, "दादा, चिंगी आईकडे नाहीये."

तो दुसरा बूट काढत होता. तोही काढून पहिल्याशेजारी ठेवला.

"माहीत आहे," म्हणाला.

मला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले, तर म्हणाला, "अगं, माहीत आहे मला. ती गेली. त्या दिवशी पाण्यात तू बोललीस तेव्हाच कळलं. तू आणि खोटं? इतकी वर्षं कुणाचं मन राखायला तू साधं खोटं बोलली नाहीस. म्हटलं, हिला पोहता येत नाही, तरी ही माझ्यामागे पाण्यात उतरलीय आणि खोटं बोलतेय. माझ्यापायी हिच्यावर ही वेळ आली. मग मी मोजणी बंद केली. म्हणजे, तेवढी जास्तीची."

मी त्याच्यावर ओरडले, वहिनी. भर किनाऱ्यावर. बसमधली माणसं खिडकीतून बघायला लागली. म्हटलं, मग रोज संध्याकाळी मला का राबवत होतास? शाळा, दाढ, मैत्रीण, मी रात्र रात्र काय काय रचलं, तुला दया नाही आली?

त्यावर तो बूट पुन्हा घालायला लागला, बंद बांधले, सोडले, पुन्हा बांधले. मग म्हणाला, "चिंगीचं ऐकवत नव्हतं. पण ते झालं की तू तिच्या आईचं सांगायचीस. तिच्याबद्दल माझ्याशी कुणी बोलतच नव्हतं. तू गेल्यापासून तिचं नाव काढायची घरात सोय राहिली नव्हती."

"तू गेल्यापासून" असं तो मला म्हणाला. म्हणायचं होतं "ती गेल्यापासून". त्याचं त्याला कळलंही नाही, आणि मी सांगितलं नाही. तो तुझ्याशीच बोलत होता तेव्हा.

मी म्हटलं, पण ते सगळं मी मनाने रचलेलं होतं. तिचा चष्मा, तिची झोप, सगळं. मला तिचं काडीचंही माहीत नाही.

"तेही कळत होतं," म्हणाला. "म्हणून आता जाऊन बघून येतो, खरंच कशी आहे."

आणि मग त्याने मला विचारलं, तिने दार नाही उघडलं तर? माझा थोरला भाऊ, वहिनी, ज्याने आयुष्यभर परक्या माणसांना कुठून जायचं आणि कुठे पाय ठेवायचा ते सांगितलं, तो मला विचारत होता की मी काय करू. मी म्हटलं, नाही उघडलं तर परत ये. मी आहे.

मॅनेजरने रजा दिली. परवा सकाळच्या बसने निघतोय, रात्र होण्याच्या आत तुझ्याकडे पोचेल. मी त्याला म्हटलं, आधी कळवू का? तो नको म्हणाला, आणि मी बरं म्हटलं, आणि तरीही हे लिहितेय. हे शेवटचं खोटं, याच्यानंतर कानाला खडा.

तुला माफ कर म्हणत नाही. ते तुमचं दोघांचं, त्यात नणंदेचं काय काम? तू काय खोडलं होतंस तेही विचारत नाही. फक्त एवढं सांगते, की तो तुला समजावायला येत नाहीये, आणि परत न्यायलाही येत नाहीये. तुझ्यासमोर बसेल, आणि चष्मा बदललास का ते विचारेल. त्याला खरं उत्तर दे. आणि मग रडायचं असेल तर त्याच्यासमोर रड. पोरगी तुमची दोघांची होती आणि तुम्ही दोघं एकदाही तिच्यासाठी एका खोलीत बसून रडलेला नाहीत.

बेल तो एकदाच वाजवेल. पुन्हा वाजवायचा धीर त्याला होणार नाही, तेव्हा लक्ष ठेव. दार उघडलंस की तुझी नजर त्याच्या मागे जाईल, मला माहीत आहे, माझीही अजून जाते. त्याच्या मागून कुणी येणार नाही, वहिनी. त्याला आत घे आणि दार लाव.

तुझी नणंद